गेलेल्या माणसाची सही

आपल्या मुळशीत माणूस गेला की संध्याकाळच्या आत त्याची माती उरकते. पण कागदावरून त्याला हलवायला आपल्याला वीस-वीस वर्षं सवड मिळत नाही. सातबाऱ्यावर तो ठाण मांडून बसलेला असतो, घरपट्टी त्याच्याच नावाने येते. नांद्याचा शंभू तर हे कौतुकाने सांगतो. "आमचा आज्या कोंडाजी वारला तवा मला मिसरूड बी फुटलं नव्हतं. पर लाइटबिल अजून त्येच्याच नावानं हाय. म्हातारा एकदाबी थकला न्हाई!" ऐकणारे हसतात. वाचकहो, आपणही हसतो, कारण आपल्याही घरात असा एखादा कोंडाजी असतोच. तलाठ्याकडे कोण खेटे घालणार, नंतर बघू, असं म्हणून आपण त्याला तसाच ठेवून देतो. त्यात काही वावगं आहे असं आपल्याला वाटतच नाही. लवळ्याच्या रवीलाही वाटत नव्हतं.

रवीचे वडील गेणबा माघात गेले. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावर घरामागे खोल्या बांधल्या आणि डोंगरावरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना भाड्याने दिल्या. खोल्यांचं भाडं आणि बँकेतल्या ठेवीचं व्याज ही त्यांची कमाई, आणि तिचं आयकर विवरणपत्र ते दरवर्षी न चुकता भरत. "गेणबा, भाडं रोखीत घ्या की, कोन इचारतंय?" असं वस्तीत कुणी म्हटलं, की ते शांतपणे म्हणायचे, "मी इचारतोय."

संगणकावर भरण्याचं काम रवीचं. तो हिंजवडीच्या एका कंपनीत बसगाड्यांची व्यवस्था पाहतो, त्यामुळे माऊस-कीबोर्डशी त्याची चांगली ओळख. पण गेणबा त्याला घाई करू देत नसत. शेजारी खुर्ची ओढून बसायचे, शेवटचं सत्यापनाचं निवेदन मोठ्याने वाचायला लावायचे, कळलं नाही तर पुन्हा वाचायला लावायचे. मग त्यांच्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे यायचे. ते आकडे स्वतः वाचून दाखवायचे आणि रवीने ते टाकले की खुर्चीत मागे टेकायचे. कागदावरची सही गेली आणि तिच्या जागी हे आकडे आले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रवीला मात्र हा सगळा सोपस्कार कंटाळवाणा वाटायचा.

गेणबा गेले. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, रवी कामावर रुजू झाला. त्यांचा मोबाइल चालूच राहिला. त्यांचे कारखान्यातले जुने सोबती अधूनमधून फोन करत, रवीची आई गंगूबाई त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. शिवाय बँकेचे, आधारचे सगळे संदेश त्याच नंबरावर यायचे. म्हणून रवी दर वेळी आठवणीने रिचार्ज मारायचा.

जुलै संपत आला. एका रविवारी बाहेर पावसाची झड लागलेली असताना रवी विवरणपत्र भरायला बसला. आकडे भरून झाले. शेजारी गंगूबाई करटुली निवडत होती. वर्षानुवर्षांची सवय जिभेला लागलेली. रवीने शेवटचं निवेदन आपसूक मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मी, गेणबा, याद्वारे गांभीर्यपूर्वक घोषित करतो की, माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे यातील सर्व माहिती खरी व पूर्ण आहे. हे विवरणपत्र मी स्वतः भरत आहे..."

गंगूबाईचा हात करटुल्यात तसाच राहिला.

"कोन स्वतः?"

"आई, ते तसं लिहिलेलंच असतं. आबांच्या मोबाइलवर आकडे आले असतील, तेवढे सांग."

"आकडे कशाचे?"

"आबांच्या सहीचे."

गंगूबाईने मोबाइल उचलला. आकडे आले होते. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती अक्षरं आणि आकडे शिकली होती, तिला ते दिसतही होते. तिने मोबाइल पदराखाली घेतला.

"न्हाई सांगायची."

"अगं आई, थोडाच वेळ चालतात ते. सांग लवकर!"

"ह्ये गेलेत रवी. गेलेला मानूस सही करतोय व्हय?"

रवी वैतागला. "कुणाला फसवतोय का मी? कर बुडवतोय का? उलट वेळेवर भरतोय! आबांनीच भरला असता ना? मग झालं तर!"

गंगूबाईने मोबाइल पदराखालून काढलाच नाही. आकड्यांची मुदत संपली. रवीने रागाने लॅपटॉप मिटला. मोबाइल आईच्या हातातून काढून घेणं त्याला अवघड नव्हतं, पण तसा हात त्याने कधी उचलला नव्हता. त्याला एक युक्ती सुचली. पिरंगुटला रस्त्याला लागूनच धम्मदीपाचं कर सल्लागाराचं कार्यालय होतं. वस्तीतलीच मुलगी, गेणबांच्या डोळ्यांसमोर शिकून मोठी झालेली. गंगूबाईचा तिच्यावर जीव. ती आईला समजावेल, तिचा शब्द आई मोडणार नाही, असं रवीने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो आईला घेऊन पिरंगुटला गेला. जिना चढून वर आल्यावर धम्मदीपा उठून उभी राहिली. "जय भीम काकू! या, बसा. आधी पाणी घ्या." रवीने सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "दीपा, आता तूच सांग आईला. इतकी ताणायची गोष्ट आहे का ही?"

धम्मदीपाने त्याचा लॅपटॉप पुढ्यात ओढला. तिने रवीने भरलेले आकडे पाहिले.

"दादा, भाडं पूर्ण वर्षाचं धरलंयस. आबा माघात गेले. त्यानंतरचं भाडं त्यांनी कसं कमावलं?"

रवी गोंधळला. "म्हणजे... खोल्या त्यांच्याच नावावर आहेत ना अजून."

"नावावर असतील, पण माणूस नाही. त्या दिवसापर्यंतची कमाई आबांची, नंतरची वारसांची. बघ, एका सहीसाठी त्यांना जिवंत ठेवलंस, तर लगेच त्यांच्याकडून कमाईही करून घ्यावी लागली."

"बरं, ते दुरुस्त करतो. पण मूळ मुद्दा तोच. मी पै न् पै कर भरतोय. सही आबांची की माझी, सरकारला काय फरक पडतो?"

"आकडा चुकला तर सुधारता येतो दादा. माणसं चुकतात हे कायद्यालाही माहीत आहे. पण सहीत आकडा नसतो, माणूस असतो. 'हे मी सांगतोय, काही शंका असली तर मला विचारा,' एवढंच सही म्हणते. उद्या खात्याने आबांना काही विचारलं, तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन की!"

"मग सही तुझीच हवी ना!"

धम्मदीपाने खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं, "कायद्याने वाट ठेवलेली आहे. माणूस गेला की त्याचं विवरणपत्र त्याचा वारस भरतो. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा दाखला जोडून आधी आयकराच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंद करायची. ती मंजूर झाली की वारसाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने आबांचं विवरणपत्र भरायचं. 'स्वतः' नाही लिहायचं, 'प्रतिनिधी' लिहायचं."

"आणि वारसाच्या दाखल्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत चकरा कोण मारणार? तोवर तारीख निघून जाईल."

"निघून जाऊ दे. उशीर झाला तर उशिराचं शुल्क भरता येतं. खोट्या सहीचं शुल्क भरून ती खरी होत नाही."

"अगं, पण सगळं जग असंच करतं!" रवीचा आवाज चढला. "त्या शंभूच्या घरी बघ. गावोगाव बघ. कुणाचं काय अडलं?"

"माझं अडलं."

गंगूबाई बोलली होती. इतका वेळ ती खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहत होती. आताही तिने तोंड वळवलं नाही.

"तुला म्या कदी सांगितलं न्हाई. सांगून काय उपेग, म्हनून न्हाई सांगितलं. तुजा आज्या, माझा बाप, मी लगीन होऊन हितं आले आन् त्याच साली गेला. खोऱ्यात वढ्याकडंला आमचा तुकडा हुता. बाप गेल्याची नोंद करायची, त्याजागी माझं आन् आयचं नाव लावायचं, ह्ये समद्यांला ठावं हुतं. पर चुलतभाऊ म्हनला, घाई काय हाय, नंतर बघू. आमी बी म्हनलो, नंतर बघू. मग जमिनीला भाव आला, दलाल फिराया लागलं. त्या चुलतभावानं कुठला तरी म्हातारा धरून आनला, कागदाव त्येचा अंगठा घेतला आन् माझ्या बापाचं नाव लिवलं. कागदाव बाप जित्ता हुता ना! रवी, माझा बाप मरून किती वर्सं झाली हुती, आन् त्यानं जमीन इकली!"

खालून एक मालमोटार घरघरत गेली.

"तुजं आबा लई फिरलं. ज्येला त्येला सांगितलं, आवो सासरा कवाच गेलाय. समदे म्हनायचे, अंगठा हाय की हितं. तुमच्याकडं मेल्याची नोंद हाय का? न्हवती नोंद. माझी आय त्या तुकड्याकडं बघत बघत गेली. तवापासनं आबा वाचल्याबिगर कशाव सही करीत न्हवतं. तुला त्येंचा कट्टाळा यायचा, ठावं हाय मला."

रवीची मान खाली गेली.

"त्यो चुलतभाऊ चोर हुता. तू न्हाईस. म्या पोटचं लेकरू वळखत न्हाई व्हय? पर बाबा, त्यो ज्या दारानं घुसला, त्येच दार हाय ह्ये. तू आज भल्या कामाला उघडतुयास. उद्या दुसरा कुनी त्याच दारानं यील, आन् तवा तू कुनाला काय म्हनशील?"

काय म्हणणार! रवीच्या डोळ्यांसमोर आबांची ती ओढलेली खुर्ची आली, पुन्हा वाच म्हणणारा आवाज आला. इतकी वर्षं तो ज्याला म्हातारपणाचा घोळ समजत होता, ती एका माणसाची जखम होती! आपल्या बायकोच्या बापाच्या नावाने खोटा अंगठा उठला, निदान आपल्या नावाने तरी कधी खोटं उठू नये, एवढीच त्याची धडपड होती. आणि त्याच माणसाच्या नावाने, तो गेल्यावर, त्याच्याच मुलाने 'मी स्वतः' असं लिहायला घेतलं होतं! रवीला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"दीपा," तो म्हणाला, "नोंदीचा अर्ज उघड."

धम्मदीपाने अर्ज उघडला आणि कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. नाव लिहिलं. पॅन क्रमांक लिहिला. पुढची चौकट मृत्यूच्या तारखेची होती. रवीची बोटं तिथे थांबली.

खरं म्हणजे ती तारीख त्याने आजवर कुठेच लिहिली नव्हती. ग्रामपंचायतीतून दाखला त्याच्या दोस्तीतल्या शंभूने आणून दिला होता. तो पाकिटातच राहिला, रवीने उघडूनही पाहिला नव्हता. बँकेत कळवायचं राहिलं, घरपट्टीचं राहिलं. लोक विचारत तेव्हा कामाचा व्याप सांगायचा. व्याप होताच, पण तेवढंच नव्हतं. आबांच्या नावाआधी 'मयत' लिहिण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं. रिचार्ज मारला की वाटायचं, अजून कुठेतरी आहेत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पडदा धूसर झाला.

गंगूबाई उठून त्याच्यामागे उभी राहिली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लिव्ह बाळा. लिवल्यानं मानूस पुन्यांदा जात न्हाई."

रवीने तारीख लिहिली.

"प्रतिनिधी म्हणून नाव कुणाचं घालू?" धम्मदीपाने विचारलं. "तुझं, काकूंचं आणि तुझ्या बहिणीचं, गौतमीताईचं, तिघांचीही वारस म्हणून नावं येतील. सही एकानेच करायची."

रवी स्वतःचं नाव सांगणार, एवढ्यात गंगूबाई म्हणाली, "माझं घाल."

"आई, तू?"

"का? पंधरा... किती वर्सं त्या खोल्या म्या झाडल्या, पोरांची आजारपनं काढली, पानी न्हाई आलं तर शिव्या म्या खाल्ल्या. भाडं किती यायचं, कुनी बुडवलं, माझ्याइतकं कुनाला ठावं? ज्येला ठावं हाय त्येनं सही करावी."

धम्मदीपा हसली. "अगदी बरोबर बोललात काकू. पॅन कार्ड आहे ना?"

"खातं काढलं तवा काढलं हुतं."

"आणि आधारला मोबाइल कोणता जोडलाय?"

गंगूबाईने पिशवीतून गेणबांचाच मोबाइल काढून दाखवला. धम्मदीपाने तपासलं. खरंच, गंगूबाईचं आधार, तिचं बँक खातं, सगळं नवऱ्याच्याच नंबरावर होतं. घरात एक मोबाइल असताना कधीतरी जोडलं, ते तसंच राहिलं. इतकी वर्षं तिच्या नावाने जे जे झालं, त्याचे आकडे दुसऱ्याच्या हातात येत होते. गेलेला नवरा कागदावर जिवंत होता आणि जिवंत बायको कागदावर नव्हतीच म्हणायची! तो आकडे वाचून दाखवणारा भला माणूस होता, म्हणून निभावलं. प्रत्येक घरात तसा असतोच असं नाही.

त्या संध्याकाळी रवीने नाशिकला बहिणीला, गौतमीला, फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आईच्या नावानं होतंय ना? मग मला विचारतोस कशाला, कागद पाठव." पुढच्या काही दिवसांत रवीने आईला नवीन नंबर घेऊन दिला आणि आधार केंद्रावर नेऊन तो जोडला. बँकेत आबा गेल्याचं कळवलं. वारसाच्या दाखल्यासाठी पौडला चकरा झाल्या. कधी साहेब नव्हते, कधी वीज नव्हती, एकदा तर चुकीच्या खिडकीपुढे अर्धा दिवस गेला. जुलैची तारीख अर्थातच निघून गेली. शंभू भेटला तेव्हा म्हणाला, "येडा हायेस का रवी? एका आकड्याचं काम, आन् जोडं झिजवत बसलायस!" रवीने त्याला आईच्या बापाची हकिगत सांगितली. शंभू नेहमीसारखा हसला नाही. उलट त्यानेच विचारलं, "दाखल्याला काय काय कागद लागत्यात?"

दाखला मिळाल्यावर अर्ज पुरा करून पाठवला आणि भाद्रपदात नोंद मंजूर झाली. गंगूबाई इस्त्रीचं पातळ नेसून धम्मदीपाच्या कार्यालयात आली. माघापर्यंतचंच भाडं धरलंय ना, हे तिने दोनदा विचारून घेतलं. पुढचं वारसांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं, हेही समजून घेतलं. मग म्हणाली, "आता ते शेवटचं वाच."

रवी वाचू लागला. पडद्यावर 'मयत' एवढंच होतं, पण त्याने आपल्या रीतीने वाचलं. "मी, गंगूबाई, कालकथित गेणबा यांची कायदेशीर वारस, गांभीर्यपूर्वक घोषित करते की, माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे यातील सर्व माहिती खरी व पूर्ण आहे. हे विवरणपत्र मी प्रतिनिधी म्हणून भरत आहे आणि ते भरण्यास मी पात्र आहे."

"पुन्यांदा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी त्याला मुळीच कंटाळा आला नाही.

वाचकहो, सही ही काही कागद पुढे सरकवण्याची युक्ती नव्हे. आपल्या नावामागे आपण उभे आहोत, ही तिची ग्वाही असते. म्हणून आयकराच्या विवरणपत्रावर सही करायची ती ज्याची त्यानेच, वाचून, समजून. आई-वडिलांच्या, बायकोच्या नावाचे आकडे परस्पर टाकू नयेत. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाच्या हाती असावा. आणि घरातला माणूस गेला, तर तो गेल्याची नोंद वेळेवर करून, वारसाने वारस म्हणूनच सही करावी. कर भरणं हे जसं नागरिकाचं कर्तव्य, तसं खऱ्या नावाने भरणं हेही कर्तव्यच. भल्या हेतूने केलेली खोटी सही शेवटी खोटीच!

गंगूबाईच्या नव्या मोबाइलवर आकडे आले. तिने चष्मा नीट केला आणि एकेक आकडा ठासून वाचला. रवीने टाकले. काम झालं. धम्मदीपा चहा सांगायला उठली, तर गंगूबाईच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या. माती झाली त्या दिवसापासून तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. रवी घाबरून तिच्याजवळ बसला.

"आई, काय झालं गं? काही चुकलं का?"

"न्हाई रं बाळा." तिने पदराने डोळे पुसले. "इतके दिस वाटायचं, ह्यास्नी आमी अर्ध्या वाटंवच ठिवलंय. आज नीट पोचवलं."